विचारा, सांगते: रावेन्नाच्या खांबांवरचे हात

या खेपेला इटलीतल्या रावेन्नाबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. ज्यांचे राहिले त्यांनी राग मानू नये. मी बोलोन्यात राहते, रावेन्ना इथून जवळ, आणि पाहुणे आले की त्यांना पहिल्यांदा तिथेच नेते, त्यामुळे या विषयावर माझं तोंड जरा जास्तच चालतं.

प्रश्न: ताई, मे महिन्यात मी, माझे यजमान आणि सासूबाई बोलोन्याला येतोय. एक दिवस रावेन्नासाठी काढावा असं मला वाटतं. यजमान म्हणतात, त्यापेक्षा पुन्हा फ्लॉरेन्स करू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, आणि ‘चर्च काय, सगळी सारखीच’ असं त्यांचं ठाम मत आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. आत गेलेलं चालतं का? कुठून सुरुवात करावी?

दिवस काढा, आणि सासूबाईंना घेऊनच जा. बाहेरून बघाल तर त्यांचंच खरं वाटेल. सांत अपोलिनारे नुओवो या बॅसिलिकेच्या, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चच्या, भिंती साध्या विटांच्या, पुढे संगमरवरी खांबांची पडवी, शेजारी विटांचाच गोल घंटामनोरा. रस्त्याने जाणाऱ्याला थांबावंसं वाटेल असं काही नाही. श्रीमंती सगळी आत आहे: रंगीत आणि सोनेरी तुकडे जोडून केलेली भिंतभर चित्रं, म्हणजे मोझेइक.

बोलोन्या सेंत्रालेहून रिजनल गाडी साधारण सव्वा ते दीड तासात पोचवते. आरक्षणाची भानगड नाही. मात्र कागदी तिकीट घेतलं असेल तर चढायच्या आधी स्टेशनवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो आणि ‘आम्ही पर्यटक आहोत’ ही सबब कुणी ऐकत नाही. रावेन्ना स्टेशनातून बाहेर पडलात की समोर विआले फारिनी. सरळ चालायचं, वीया दी रोमा आडवी आली की डावीकडे वळायचं. गुडघे सांभाळत गेलात तरी पंधरा मिनिटांच्या आत पोचाल. गाव सपाट आहे, चढ नाही. जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे, तेव्हा टाचेच्या चपला नकोत. आणि सायकलींकडे लक्ष ठेवा. इथे आजीसुद्धा सायकलवर असते आणि ती आवाज न करता मागून येते.

तिकीट पाच जागांचं मिळून असतं: सांत अपोलिनारे नुओवो, सान विताले, गाल्ला प्लाचीदियाची समाधी, निओनियन बाप्तिस्मागृह आणि आर्चबिशपचं संग्रहालय. प्रत्येक ठिकाणी एकदाच आत सोडतात, म्हणून ‘नंतर परत येऊ’ म्हणून बाहेर पडू नका. समाधी आणि बाप्तिस्मागृह लहान आहेत. त्यांची वेळ तिकीट काढतानाच ठरवावी लागते आणि आत जेमतेम पाच मिनिटं देतात. मेमध्ये शाळांच्या सहली असतात, त्यामुळे या वेळा आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा.

क्रमाबद्दल माझा हट्ट आहे. बहुतेक लोक सान वितालेपासून सुरुवात करतात, कारण तिथे मोझेइकमध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन आणि थिओडोरा राणी आहेत आणि पोस्टकार्डावर तेच असतात. मग दुपारपर्यंत डोळे भरतात, मान अवघडते आणि सांत अपोलिनारे नुओवो ‘हे पण बघितलं’ म्हणून दहा मिनिटांत उरकलं जातं. उलटं करा. स्टेशनवरून आधी हेच लागतं. ताज्या डोळ्यांनी इथे एक तास घालवा, मग बाकीची.

ख्रिस्ती नसलात तर कुणी विचारतही नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, तेव्हा सासूबाईंच्या साडीचा प्रश्नच नाही; यजमानांना मात्र अर्धी चड्डी घालू देऊ नका. फोटो काढता येतात, फ्लॅश नको.

जेवणाचं नीट ऐका. या भागात जागोजागी पियादिना मिळते, तव्यावर भाजलेली मैद्याची पोळी, आत चीज आणि भाजी घालून घडी केलेली. बघायला अगदी शाकाहारी. पण पारंपरिक पियादिनाच्या पिठातच ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी असते. ‘सेंझा स्त्रुत्तो?’ असं विचारायचं. ऑलिव्ह तेलातली बऱ्याच ठिकाणी मिळते, आणि तिच्यात स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ, आंबूस चीज घालून घ्या. फ्लॉरेन्स कुठे पळून जात नाही, असं यजमानांना माझ्याकडून सांगा.

प्रश्न: मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. सांत अपोलिनारे नुओवोमधल्या राजवाड्याच्या मोझेइकचा फोटो मोठा करून बघत होते, तर पांढऱ्या खांबांवर मध्येच माणसाचे हात दिसले. माणूस कुठेच नाही. ही चूक आहे का? की काही प्रतीक?

शाबास! तिथे प्रत्यक्ष उभी राहिलेली निम्मी माणसं हे न बघता पुढे जातात. एकदा एका गटाचा वाटाड्या हे हात म्हणजे ‘देवाचा आशीर्वाद’ असं सांगत होता आणि मंडळी भक्तिभावाने मान डोलावत होती. आशीर्वाद नाही गं. हा खाडाखोडीचा पुरावा आहे.

आधी जागा समजून घे. दारातून आत आलीस की लांबलचक सभागृह, दोन्ही बाजूंना बारा-बारा संगमरवरी खांब, आणि खांबांच्या कमानींवर दोन्ही भिंती शेवटपर्यंत मोझेइकने मढवलेल्या. उजव्या भिंतीवर दाराच्या बाजूलाच एक राजवाडा आहे. वर लॅटिनमध्ये ‘पालातिउम’ लिहिलंय, म्हणजे ओळखण्यात चूक व्हायला नको. मध्ये त्रिकोणी माथ्याचं प्रवेशद्वार, दोन्हीकडे कमानींची ओळ, आणि प्रत्येक कमानीत पांढरे पडदे, मध्यावर गाठ मारून बांधलेले. आता खांबांकडे बघ. कुठे नुसती बोटं, कुठे हाताचा पुढचा भाग खांबावर आडवा आलेला. आणि तो हात ज्याचा, तो जिथे उभा असायला हवा तिथे पडदा.

हा राजवाडा थिओडोरिकचा. तो ऑस्ट्रोगॉथ या जर्मनिक टोळीचा राजा. लहानपणी ओलीस म्हणून कॉन्स्टँटिनोपलला, पूर्व रोमन सम्राटाच्या दरबारात वाढला, तिथलं सगळं जवळून पाहिलं, आणि पुढे इटलीवर चालून आला. इटलीत तेव्हा ओडोएकरचं राज्य होतं. ४९३ मध्ये दोघांचा तह झाला, राज्य वाटून घ्यायचं ठरलं, मेजवानी झाली आणि त्या मेजवानीतच थिओडोरिकने ओडोएकरला ठार केलं. अशी सुरुवात झालेल्या या माणसाने नंतर तीसेक वर्षं राज्य बरंच नीट चालवलं. रावेन्नाचा जुना कालवा दुरुस्त करून गावाला पाणी आणलं. आपल्या राजवाड्याजवळ ही बॅसिलिका बांधली, सहाव्या शतकाच्या सुरुवातीला.

अडचण एकच होती. गॉथ लोक एरियन पंथाचे ख्रिस्ती होते, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूची शिकवण मानणारे: पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, पित्याने निर्माण केलेला आहे. रोम आणि कॉन्स्टँटिनोपलच्या लेखी हा सरळ पाखंड. थिओडोरिक असेपर्यंत गावात दोन्ही पंथांची वेगवेगळी चर्च, वेगवेगळी बाप्तिस्मागृहं सुखाने नांदली. तो ५२६ मध्ये गेला. ५४० मध्ये जस्टिनियनच्या सैन्याने रावेन्ना घेतलं. पुढे एरियन चर्च कॅथलिकांच्या ताब्यात दिली गेली, आणि ५६१ च्या सुमारास आर्चबिशप आन्येल्लो यांनी ही बॅसिलिका नव्याने अर्पण केली, पाखंडाविरुद्ध लढलेल्या संत मार्टिनच्या नावाने. नाव निवडण्यातही टोमणा आहे, बघ.

भिंतीवर मात्र पाखंडी राजा आणि त्याचे दरबारी अजून उभेच होते. सगळी भिंत खरवडायची तर खर्च प्रचंड, आणि येशूच्या चित्रांना तर कुणाचाच आक्षेप नव्हता. मग कारागिरांना सांगितलं गेलं असणार, नुसती माणसं काढा. त्यांनी कमानीतली माणसं उकरली आणि ती जागा पडद्यांनी भरली. मधल्या दारात बहुधा स्वतः थिओडोरिक होता, तिथे आता नुसतं सोनं आहे. पण दरबाऱ्यांचे हात होते खांबांवर आलेले. हात काढायचा तर खांबही उकरून पुन्हा लावायला हवा. ते कुणी केलं नाही.

का केलं नाही, यावर लोक बरंच काव्य करतात. मला विचारशील तर कंटाळा किंवा पैसा. खालून हात सहज दिसत नाहीत, आर्चबिशप काही शिडीवर चढून तपासणार नाहीत, हे शिडीवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असणार.

आता उलट्या बाजूला, डाव्या भिंतीवर, क्लासे हे रावेन्नाचं बंदर आहे: दोन बुरूज, मध्ये तीन जहाजं, शेजारी तटबंदी. या तटबंदीपुढेही माणसं होती. ती काढून तिथे भिंतीच्या रंगाचे तुकडे भरले, पण नवे तुकडे जुन्यांशी मिळाले नाहीत. डोळे बारीक करून बघितलंस तर उभ्या माणसांचे आकार भिंतीत उमटलेले दिसतात. फोटोत हे नीट येत नाही. जाशील तेव्हा दुर्बीण ने. पक्षी बघायची साधी दुर्बीण पुरते, आणि या बॅसिलिकेत ती कॅमेऱ्याहून जास्त उपयोगी पडते.

राजवाड्यापासून येशूपर्यंत २६ हुतात्मे आणि बंदरापासून मेरीपर्यंत २२ कुमारिका अशा ज्या प्रसिद्ध मिरवणुका आहेत, त्यासुद्धा आन्येल्लोंच्या काळातल्या. आधी तिथे दुसरंच काही होतं, बहुधा थिओडोरिकच्या दरबाराचीच मिरवणूक. मिरवणुकींच्या टोकाला सिंहासनावर बसलेला येशू आणि समोरची मेरी, हे मात्र थिओडोरिकच्याच काळातले. नव्या राजवटीने देव तेवढा ठेवला आणि भक्त बदलले.

चित्रकलेची म्हणून तुला एक काम देते. त्या बावीसजणी पहिल्या नजरेला एकसारख्या वाटतील: तोच सोनेरी झगा, तोच पांढरा पदर, हातात तोच मुकुट. प्रत्येकीच्या डोक्यावर नाव आहे. ते न वाचता आग्नेस शोध. तिच्या पायाशी कोकरू आहे. समोरच्या रांगेत सगळे पांढऱ्या वेशात, पण पहिला मार्टिन जांभळ्या झग्यात आणि लॉरेन्स सोनेरी अंगरख्यात.

प्रश्न: सांत अपोलिनारे नुओवोच्या वरच्या पट्ट्यात एका भिंतीवर येशूला दाढी नाही आणि दुसरीवर आहे. दोन वेगळ्या कारागिरांनी केलं म्हणून असं झालं का? आणि क्रूसावरचं दृश्य कुठे आहे? मला सापडलं नाही.

सापडणार नाही, कारण ते नाहीच. डाव्या भिंतीवर तेरा चौकटी चमत्कारांच्या आणि उपदेशाच्या, उजवीकडे तेरा शेवटच्या दिवसांच्या. उजवीकडची मालिका शेवटच्या भोजनापासून निघते आणि कॅल्व्हरीच्या, म्हणजे क्रूसाच्या टेकडीच्या, वाटेवर पोचते. पुढची चौकट थेट रिकाम्या कबरीपाशी आलेल्या स्त्रियांची. मधला मृत्यू गाळलेला आहे. त्या काळापर्यंत क्रूसावरचा येशू दाखवायची पद्धत फारशी रुळलेली नव्हती. पुढच्या हजार वर्षांत ती इतकी रुळली की आज आपण त्याशिवाय चर्च कल्पू शकत नाही.

दाढीचं म्हणाल तर अभ्यासकांचं एकमत नाही. वेगळे कारागीर म्हणणारे आहेत, मुद्दाम केलं म्हणणारेही आहेत. मी मुद्दामवाल्यांच्या बाजूची. चमत्कार करणारा तरुण, रोमन देवासारखा गुळगुळीत गालांचा. दुःख भोगणारा प्रौढ, दाढीवाला. दोन्ही रूपं त्या काळी चालू होती आणि इथे ती समोरासमोर आहेत.

या वरच्या चौकटी खूप उंचावर आहेत, म्हणून लोक त्या सोडून देतात. दोन तरी सोडू नका. एक शेवटच्या भोजनाची. दा विंचीचं लांब टेबल डोक्यातून काढा. इथे सगळे अर्धगोल बैठकीवर रोमन पद्धतीने आडवे रेलले आहेत आणि मध्ये ताटात दोन भलेमोठे मासे. दुसरी डाव्या भिंतीवरची, मेंढ्या आणि बकऱ्या वेगळ्या करण्याची, म्हणजे शेवटच्या निवाड्यात भले आणि बुरे निवडण्याची. मध्ये येशू, मेंढ्यांच्या बाजूला लाल देवदूत, बकऱ्यांच्या बाजूला निळा. हा निळा म्हणजे सैतानाचं सर्वांत जुनं चित्र, असं अनेकजण म्हणतात. असेल तर फारच सभ्य सैतान आहे. शिंगं नाहीत, शेपूट नाही, पंख आणि तेजोवलय शाबूत, शांतपणे बकऱ्यांमागे उभा.

प्रश्न: सगळीकडे वाचतो की सांत अपोलिनारे नुओवो पंधराशे वर्षांपूर्वीचं. मग असंही वाचतो की जमीन उचलली, गाभारा नवा, बॉम्ब पडला, मोझेइक दुरुस्त केले. मग जुनं नेमकं काय उरलं? पैसे देऊन नक्कल बघायची का?

शंका रास्त आहे, पण ‘नक्कल’ हा शब्द मागे घ्या.

रावेन्ना दलदलीवर वसलेलं आहे आणि शतकानुशतकं खचत आलंय. ही बॅसिलिकाही खचली. सोळाव्या शतकात जमीन वर घेतली, खांब आणि कमानी मीटरभराहून जास्त उचलल्या. इतकं जड काम, पण वरच्या भिंतीवरचं मोझेइक जागच्या जागी राहिलं. गाभारा भूकंपात गेला होता, आजचा पुष्कळ नंतरचा. तिकडे पाठ फिरवलीत तरी चालेल. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ऑस्ट्रियाच्या विमानहल्ल्यात दर्शनी बाजूचं नुकसान झालं, ते दुरुस्त केलं. कुमारिकांच्या पुढे जे तीन मागी राजे, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूसाठी भेटी घेऊन धावताहेत, त्यांचा वरचा भाग, टोप्यांसकट, एकोणिसाव्या शतकातली दुरुस्ती. त्यांच्या नक्षीदार घट्ट विजारी तेवढ्या मनापासून बघा. पर्शियन माणूस कसा दिसतो याची रोमन कल्पना.

बाकी दोन्ही भिंती बहुतांशी सहाव्या शतकातल्या. त्या ओळखायची खूण सांगते. एका जागी उभं राहून सोन्याकडे बघा, मग चार पावलं चाला. सोनं हलतं. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख धरून हे चौकोनी तुकडे बनवत, आणि ओल्या चुन्यात ते एका पातळीत न बसवता थोडे तिरके दाबत. त्यामुळे पदरावरच्या टिकल्यांसारखा प्रत्येक तुकडा वेगळ्या क्षणी चमकतो. दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन आत येतं तेव्हा डावी भिंत खुलते, म्हणून ढग नसतील तर भर दुपारची वेळ उत्तम.

आणि गाव खचल्याचा पुरावा हवाच असेल तर कवी दान्तेच्या समाधीला लागून असलेल्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये जा. तळघर पाण्यात आहे. झरोक्यापाशी नाणं टाकलं की दिवा लागतो, खाली जुनी मोझेइकची फरशी दिसते आणि तिच्यावरून सोनेरी मासे फिरतात.

प्रश्न: सांत अपोलिनारे नावाच्या दोन बॅसिलिका आहेत म्हणे. आम्ही चुकीच्या ठिकाणी जाऊ नये म्हणून विचारतो. आणि दुसरीही बघावी का?

गावातली ती ‘नुओवो’, म्हणजे नवी, गावाबाहेरची ती ‘इन क्लासे’. संत अपोलिनारे रावेन्नाचे पहिले बिशप. त्यांचे अवशेष क्लासेला होते. किनाऱ्यावर चाच्यांचे हल्ले होत म्हणून ते नवव्या शतकात गावातल्या बॅसिलिकेत आणले, असं सांगतात, आणि तेव्हापासून मार्टिनचं नाव मागे पडून ती नुओवो झाली. नावात नुओवो असली तरी दोघींत वयाने मोठी तीच. क्लासेची ५४९ मध्ये अर्पण झाली.

बघावी का? तुमच्याकडे अर्धा दिवस उरला असेल तर नक्की. तिथे अशी मिरवणूक नाही. गाभाऱ्यात हिरवंगार कुरण, दोन्हीकडून येणाऱ्या बारा मेंढ्या, मध्ये हात वर करून उभे अपोलिनारे, आणि वर निळ्या गोलात रत्नजडित क्रूस. भोवती ९९ तारे आहेत. मुलं बरोबर असतील तर मोजायला लावा, तेवढी शांतता मिळेल.

जायला रावेन्नाहून चार नंबरची बस, किंवा रिमिनीकडच्या गाडीने पुढचंच क्लासे स्टेशन आणि थोडं चालणं. या बॅसिलिकेचं तिकीट वेगळं, गावातल्या पाचांच्या तिकिटात ती येत नाही. रविवारी बसगाड्या कमी असतात, तेव्हा उतरल्या उतरल्या परतीची वेळ थांब्यावरच्या फलकावर बघून ठेवा, आणि बसचं परतीचं तिकीट गावातल्या तंबाखूच्या दुकानातूनच घेऊन निघा.